चुकेल त्याचा चहा

मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला शाळाच आठवणार. मी जुना, लाकडी चौकटीचा काळा फळा आहे खरा, पण शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. एका गिरणीच्या सुताराने मला बनवलं आणि माझं आयुष्य गेलं इंग्लंडात, लँकेशायरमधल्या एका साप्ताहिकाच्या कचेरीत, उपसंपादकांच्या खोलीत, किटलीच्या अगदी वर.

तिथे राज्य होतं मुख्य उपसंपादक डोरीन एंटविसल बाईंचं. बातमीत कुणी एका शब्दाच्या जागी त्याचा जुळा भाऊ बसवला, की बाई ती जोडी माझ्यावर लिहीत. दोन 'प्रिन्सिपल' तर इतक्यांदा लिहिले गेले, की त्यांचे वण माझ्या अंगावर अजून आहेत. इंग्रजीत उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं; एक शाळा चालवतो, आणि दुसरं म्हणजे तत्त्व, ते माणसाकडे असतं किंवा नसतं. संक्षेपांचेही धडे होते. इंग्रजीत 'डॉक्टर'चं 'Dr' करताना शेवटचं अक्षर शाबूत राहतं, म्हणून टिंब नको. 'प्रोफेसर'चं 'Prof.' करताना शेपूट कापली जाते, म्हणून टिंब हवं. आणि खोलीचा कायदा असा, की चुकेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. बाईंवर ती पाळी कधीच आली नाही.

सगळ्यात जास्त चहा केला नेव्हिल शॉक्रॉसने. नवाकोरा बातमीदार, 'प्रिन्सिपल'पाशी हमखास घसरायचा.

"नेव्हिल, किटली ठेव!"

"वाचणाऱ्याला कळतं हो, बाई!"

"कळतं ते त्याच्या हुशारीने, तुझ्या नाही. आणि माझ्या कपात दूध आधी ओतू नकोस, मेल्या!"

सगळे हसत. तोही हसे. बाईंनी त्याला ओळ न् ओळ पुन्हा लिहायला लावून घडवलं. मी साक्षीला होतो.

पुढे नेव्हिल मँचेस्टरला गेला, मोठा झाला आणि आमचं साप्ताहिक विकत घेणाऱ्या कंपनीचा साहेब होऊन परतला. एका शुक्रवारी त्याने माझ्यावर, बाईंच्या अक्षरांवरच, एक छापील कागद चिकटवला. उपसंपादकांची खोली बंद. तपासणी यापुढे यंत्र करील. निर्णय तत्त्वतः पक्का. आणि त्या 'तत्त्वतः'च्या इंग्रजी शब्दांत तत्त्वाच्या जागी शाळा चालवणारा 'प्रिन्सिपल' येऊन बसला होता.

बाईंनी चष्मा लावून कागद वाचला. लाल पेन्सिलीने त्या शब्दाभोवती गोल काढला.

"नेव्हिल, किटली ठेव."

मला वाटलं, आता तो ओशाळेल, हसेल, किटली उचलेल. बाईंना तेवढंच हवं होतं. नोकरी तर गेलीच होती.

नेव्हिलने घड्याळ पाहिलं. "वाचणाऱ्याला कळतं, बाई," तो म्हणाला आणि गाडीकडे निघून गेला.

मग बाईंनी स्वतः किटली ठेवली. सगळ्यांच्या हातात कप दिले. कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, तुम्ही कशाला?"

"चूक माझीच ना," त्या म्हणाल्या. "त्याला शिकवलं कुणी?"

आता मी एका कॅफेच्या दारात उभा असतो. माझ्यावर सूपचं नाव लिहितात. त्यात रोज चूक असते, पण चुकीबद्दल कुणी चहा करत नाही.

मित्रांनो, पुसलं जाण्याचं मला दुःख नाही. फळ्याचा जन्मच त्यासाठी. पण ज्यांनी तुम्हाला शिकवलं, त्यांनी कधी किटली ठेवायला सांगितली, तर घड्याळाकडे पाहू नका. चहाला फार वेळ लागत नाही.