तुटक्या तोफेचा रणगाडा

बहिणीकडून परत आले आणि कपाटात पाहिलं, तर आजोबांचा चिनी मातीचा छोटा रणगाडा गायब. त्याच्या जागी तसलाच दुसरा, चिनी मातीचाच, पण कुठे टवकाही नसलेला.

"आपल्या रणगाड्यावर क्लीथॉर्प्सचं चिन्ह होतं, मॉरीन. खरे रणगाडे बनले लिंकन शहरात. लिंकनचंच हवं," माझा नवरा हॉरेस हरखून म्हणाला. "जुन्या वस्तूंच्या मेळ्यातल्या प्रॉक्टरने त्या तुटक्याच्या बदल्यात दिला बघ."

माझं डोकंच फिरलं. पाणबुड्या, रुग्णवाहिका, शिपायांच्या टोप्या, सगळं चिनी मातीचं, सगळ्यांवर गावोगावची चिन्हं. ह्या माणसाच्या नादाने घरात पाय ठेवायला जागा नाही. पण तो रणगाडा त्याचा नव्हता. पहिल्या युद्धात रजेवर आलेल्या आजोबांनी तो क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावर आजीला घेऊन दिला. ते परत गेले ते गेलेच. पुढे माझ्या आईने लहानपणी तो पाडला आणि तोफेचं टोक उडालं. त्या टवक्यात मला आई दिसायची.

रविवारी मेळ्यात मी या टेबलावरून त्या टेबलावर नुसती फिरत होते. हॉरेस मागे.

"अगं, जरा बस. चहा घे."

"तूच ढोस."

प्रॉक्टरच्या टेबलावर क्लीथॉर्प्सचे दोन रणगाडे होते. दोन्ही धडधाकट.

"तुटकं कोण घेतं, बाई?" तो म्हणाला. "टोक बसवून घेतलं. आता कुठला तुमचा, ते मलाही ओळखू येत नाही."

मी दोन्ही उलटेपालटे करून पाहिले. काही कळेना. डोळे भरून आले, आणि त्या मेल्यासमोर भरले याचा आणखी संताप आला.

हॉरेसने एक उचलला आणि तोफेचं टोक हलकेच पुढच्या दातांवर आपटलं. खरी झिलई दाताला टणक लागते, डागडुजीचा रंग मऊ. अशी डागडुजी ओळखूनच त्याने आजवर कितीतरी वस्तू परत केल्या होत्या. त्याने दुसरा उचलला. दातावर टेकवला आणि थांबला.

"हा तुझा," तो म्हणाला.

मग कोटाच्या खिशातून लिंकनचा रणगाडा काढून त्याने टेबलावर ठेवला. बरोबर आणलाय, हे मला सांगितलंही नव्हतं.

गाडीत बसल्या बसल्या मी ते नवं टोक नखाने खरवडायला लागले. साधा ओरखडा दिसला तरी ज्याला जेवण जात नाही, तो हॉरेस बघत राहिला. मग त्याने खिशातला चाकू काढला.

"नखाने नाही निघायचं," तो म्हणाला. "आण इकडे."