पडणारा जटायू

फाल्गुनाचं ऊन. काळ्या पाषाणाच्या भिंतींवर तापलेलं, उंच गवाक्षांतून गाळून आत आलेलं, आत येता येता मवाळ झालेलं. कोल्हापुरातल्या त्या वस्तुसंग्रहालयाच्या दालनात ते थोडं सरकलं आणि थांबलं. पुढचा अंधार मुद्दाम राखलेला होता. बाहुल्यांचा अंधार.

त्या अंधारात दोऱ्यांना लटकलेले राजे होते, लाकडी डोळ्यांच्या राण्या होत्या. जुन्या नाटकांचे पडदे होते: रंगवलेली अरण्यं, रंगवलेले महाल, रंगवलेलं चांदणं. आणि सगळ्यांच्या शेवटी, एका पांढऱ्या पडद्यामागे, पिवळ्या दिव्यापुढे, जटायू होता.

अनसूया त्याच्यासाठीच कुडाळहून आली होती.

हरणाच्या कातड्याचा, तांबड्या पंखांचा, हिरव्या चोचीचा जटायू. तिच्या बाबांनी आयुष्यात हाती धरलेली पहिली बाहुली. त्यांच्या घरची रीत होती: खेळ करणाऱ्याचा हात थांबला, की त्याची पहिली बाहुली वर्षाच्या आत नदीला द्यायची. बाबा श्रावणात गेले. दिवाळीनंतर संग्रहालयाने जटायू प्रदर्शनाला मागून नेला. आता कायमचाच मागितला होता. आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. हो की नाही, ते आजच सांगायचं होतं.

निघताना तिचा भाऊ भिकाजी अंगणातून म्हणाला होता, "थय तेका एसी गावता. हय माळ्यार उंदीर गावतले. ठेव थयच." मग, "तरी तू बघ. तुझ्या मनाक येयत तसां कर."

ती बघत होती.

पडद्यामागे एक छोटी मोटर होती. मोटर फिरे, पंख वर जाई. मोटर फिरे, पंख तुटून खाली येई. जटायू पडे. तांबडी सावली पडद्याच्या तळाशी गोळा होई, आणि पुन्हा वर उचलली जाई. लहान मुलं टाळ्या वाजवत होती. जटायू पडत होता, उठत होता, पुन्हा पडण्यासाठी उठत होता.

बाबा तसं करत नसत. रावणाचा वार झाला, जटायू पडला, की ते दिव्यापुढून त्याला काढून घेत, पालथा निजवत, पांढऱ्या फडक्यात गुंडाळत. कथा पुढे लंकेला जाई. पडलेला पडून राही. पुढल्या खेळापर्यंत त्याला कुणी उजेड दाखवत नसे.

आणि तेच बाबा शेवटचे तीन महिने अंथरुणावर. वाचा गेलेली, ओळख गेलेली. फक्त उजवा हात गोधडीवरून वर येई, खाली पडे. वर येई, खाली पडे. अनसूया त्या हाताशी बसून राही. तो थांबू नये असं तिला वाटे. मग तो थांबावा असं वाटू लागलं.

हा पडदा, हा दिवा, ही मोटर केतकी सबनीस यांनी बसवली होती. नाटकांचं नेपथ्य करणाऱ्या बाई. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"पाण्यात दिलात तर चार दिवसांत काही उरणार नाही, ताई. इथे तो शंभर वर्षं टिकेल."

"टिकेल, मॅडम," अनसूया म्हणाली. "पण ह्याचं पडणं कधी संपायचं?"

केतकीबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी मोटर बंद केली. सावली अर्ध्यावर थांबली, पंख पसरून.

"मग एवढी तरी मला ठेवू द्या," त्या म्हणाल्या, आणि कोळशाच्या कांडीने पडद्यावर सावलीची कड आखू लागल्या.

"सावली तुमचीच," अनसूया म्हणाली. "दिवा तुमचा होता."

दुसऱ्या दिवशी कुडाळच्या कर्ली नदीवर संध्याकाळ उतरली. भिकाजी गुडघाभर पाण्यात उभा. अनसूयेने जटायू एकदाच मावळत्या सूर्यापुढे धरला. जुनं कातडं आतून पेटलं. तांबडं तांबडं झालं, हिरवं हिरवं झालं. मग तिने त्याला पालथा केला, बाबा करत तसा, आणि पाण्यावर निजवला.

प्रवाहाने तो घेतला. वळणापाशी एक पंख वर आला. खाली गेला.

पुन्हा वर आला नाही. नदी वाहत होती, मंद, तांबूस, सरळ.