जपानी सवतीचा हेवा

मी एक जुनी तबकडी आहे. तुमच्या आजोबांच्या भाषेत रेकॉर्ड. काळी, गोल, आता कडेला थोडी झिजलेली. मित्रांनो, माझ्या अंगावरच्या बारीक रेघांवरून सुई फिरली की विलायती हार्ड रॉकची गाणी वाजतात. मी जन्मले मात्र कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात. तिथं घाईघाईनं मला साच्यात दाबलं, साध्या पुठ्ठ्याच्या पाकिटात घातलं आणि पाठवून दिलं.

शहागंजच्या एका दुकानात श्रीरंगानं मला पाहिलं. तो तेव्हा इंजिनीयरिंग शिकत होता. घरी मी पहिल्यांदा वाजले, तेव्हा त्याचे वडील नानासाहेब म्हणाले की मांडणीवरची भांडी पडली वाटतं. पण श्रीरंगाचे मित्र माझ्यासाठी गुलमंडीवरून सायकली मारत यायचे. चहाचे कप माझ्या पाकिटावर ठेवायचे. त्यांचे गोल डाग अजून आहेत, आणि मला ते दागिन्यांसारखे वाटतात.

पुढं श्रीरंग चितेगावच्या कारखान्यात लागला. नीरजा लग्न होऊन घरात आली. सुरुवातीला ती कानात बोटं घालायची. मग माझ्या दुसऱ्या बाजूचं संथ गाणं तिला आवडू लागलं. भाजी निवडता निवडता ती ओल्या हातानंच मला लावायची. एकदा तिच्या बांगडीचा ओरखडा मला लागला. तेव्हापासून त्या गाण्यात मी एका जागी अडखळते. ती हसायची, तोही हसायचा. माझे सुखाचे दिवस ते हेच.

शहर वाढलं. शेतांत कॉलन्या उठल्या, श्रीरंगाचा हुद्दा वाढला, आणि त्याला जपानी तबकड्या जमवायचा नाद लागला. एके दिवशी माझी सवत आली. तीच गाणी, पाकिटावर तेच चित्र, पण जपानात छापलेली. पाकिटाभोवती जपानी अक्षरांची कागदी पट्टी, ती पैठणीच्या पदरासारखी मिरवत होती. श्रीरंगानं हातमोजे घालून तिला बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि म्हणाला, "एक ओरखडा नाय हिच्यावर."

मित्रांनो, माझा जळफळाट झाला. तिला काचेचं कपाट मिळालं. मला माळ्यावर, फुटक्या कुंडीशेजारी टाकलं. मागून तिच्या बहिणी आल्या. मी वरून बघायची आणि मनात म्हणायची, उन्हानं वाकडी हो, बुरशी लागो तुला. गंमत म्हणजे श्रीरंग तिला कधी वाजवायचा नाही. झिजेल म्हणून.

मग दुष्काळाची वर्षं आली. नळाला आठवड्यानं पाणी येई. टँकर आला की नीरजा गल्लीत हंडे घेऊन उभी राही. अशातच एका दुपारी श्रीरंगानं गाळलेलं पिण्याचं पाणी काढलं आणि धूळ निघावी म्हणून जपानी तबकड्या धुवायला बसला. नीरजा दारात उभी राहिली. तिचा पदर घामानं भिजला होता.

"पाहुणीला अंघोळ," ती म्हणाली, "आणि मी आणलेल्या पाण्यानं. मला तर तिला हात लावायचीपण परवानगी नाय."

तो काहीतरी पुटपुटला. तिनं ऐकलं नाही. स्टूल लावून ती माळ्यावर चढली, मला खाली घेतलं, पदरानं पुसलं आणि लावलं. मी घोगऱ्या आवाजात गायले. अडखळायच्या जागी अडखळले. नीरजा हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

श्रीरंगानं उरलेलं स्वच्छ पाणी परत माठात ओतलं. कपाटातली ती पट्टीवाली जपानी तबकडी काढली आणि नीरजाच्या उघड्या हातांवर ठेवली. "तूच लाव," तो म्हणाला.

मला बाजूला काढून तिला लावलं. खरं सांगते, ती सुरेख गायली. कुठं खरखर नाही, कुठं अडखळणं नाही. माझ्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. गाणं संपल्यावर नीरजा म्हणाली, "छानच आहे. पण परक्याच्या दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटतं."

त्या वाक्यावर मी आजवर जगते आहे.

आता आम्ही दोघी एकाच कपाटात उभ्या असतो. कपाटाला कुलूप नाही. तिच्या कडेला आता नीरजाच्या बोटांचे ठसे उमटलेत, आणि मित्रांनो, त्या ठशांचासुद्धा मला हेवा वाटतो. तुम्ही दूरदेशीच्या वस्तू हौसेनं आणा. पण काहीही आणलं तरी ते वाजवा, हाताळा, घरच्यांच्या हाती द्या. नुसतं जपून ठेवलेलं गाणं कुणाच्याच कानी पडत नाही.