पांढरा साका

कामिनीने दोरी बांधलेली बादली पुलाच्या कठड्यावरून नाल्यात सोडली, एक हिसका देऊन भरली आणि वर ओढून घेतली. मग बादली तिरपी करून तिने काचेच्या बाटलीत धार धरली. पाणी बुडबुडत आत शिरले.

"थांब," धम्मानंद मेश्राम म्हणाले. "तू दर वेळी असंच भरते?"

"मंग कसं भरू, सर? तुम्हीच तं म्हटलं होतं, पाण्यात हात नको घालू, खरूज होईन."

त्यांनी ते खरेच म्हटले होते. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत सारी नोकरी काढलेल्या धम्मानंदांचे गुडघे गेल्या वर्षी दुखू लागले, तेव्हापासून ते घरीच बसत. दर रविवारी कामिनी पुलावरच बाटलीत दोन द्रावणे टाकी आणि बाटली त्यांना आणून देई. तळाशी तपकिरी साका बसलेला असे. तपकिरी म्हणजे पाण्यात प्राणवायू आहे. हा नाला पुढे नाग नदीला मिळण्याआधी निदान इथे तरी श्वास घेतो आहे. नदीमित्र गटातले बाकीचे एकेक करून गळाले. हे दोघे त्या रंगावर टिकून होते.

त्याच रंगाच्या भरवशावर त्यांनी आज महापालिकेच्या अभियंत्याला बोलावले होते. पाणी जिवंत असल्याचे समोर दाखवा, मग नाल्याच्या या तुकड्यावर स्लॅब टाकून तो झाकू नये असे मी लिहून देतो, असे तो म्हणाला होता. वरच्या वस्तीत स्लॅब टाकल्यापासून दर पावसाळ्यात तुंबलेले पाणी घरांत शिरत होते. आता पाळी या वस्तीची होती, आणि इथले काठावरचे पहिले घर पार्वतीबाईंचे होते.

अभियंता यायला अवकाश होता. धम्मानंद सावकाश काठावर उतरले, खाली बसले आणि मनगटापर्यंत हात बुडवून त्यांनी बाटली पाण्याखालीच भरली. हवेचा एकही बुडबुडा आत राहू न देता बूच लावले. मग द्रावणे टाकून बाटली हलवली.

साका दुधासारखा पांढरा बसला.

"औषध खराब झालं असन, सर."

"त्याच औषधानं बादलीतलं पाणी पाहा."

बादलीतून भरलेल्या बाटलीत तिने तीच द्रावणे टाकून पाहिली. तपकिरी.

"धार धरली की हवा मिसळते," ते म्हणाले. "वर्षभर आपण बादलीतली हवा मोजत होतो."

कामिनीने बादलीची दोरी गुंडाळली. मग हळूच म्हणाली, "तं साहेबासमोर बादलीनंच भरू न. त्याले काय समजते?"

धम्मानंदांनी रुमालाने बाटली पुसली. ती कोरडी झाल्यावरही ते पुसत राहिले.

अभियंता तरुण होता, बोलायला गोड. नाकावर रुमाल धरून तो काठापर्यंत आला. धम्मानंदांनी त्याच्यासमोर पुन्हा हात बुडवून बाटली भरली.

"अरे वा, पांढरंशुभ्र!" मोबाइलवर फोटो घेत तो म्हणाला. "म्हणजे चांगलंच ना, सर? लिहून टाकू?"

कामिनीने धम्मानंदांकडे पाहिले. नजर हटवली नाही.

"नाही," ते म्हणाले. "पांढरा म्हणजे पाण्यात प्राणवायू उरलेला नाही. तपकिरी यायला हवा होता."

"अच्छा." अभियंत्याने मोबाइल खिशात ठेवला. "मग माझाही नाइलाज आहे. पण तुम्ही खरं सांगितलंत, बरं वाटलं."

त्याची गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर कामिनीने बाटल्या पिशवीत भरल्या.

"चूप राहिले असते तं भागलं असतं, सर."

"माहीत आहे."

पार्वतीबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या.

"या गा मास्तर. साहेब चहा न पिताच पयाला काय? एवढी साखर टाकली होती त्याच्यासाठी, आता तुमची शुगर वाढवा." त्यांनी कप पुढे केला. "काय म्हणे तो? नाला उघडा ठेवते न? नाही तं पावसाच्या आधी उंबरठा उंच करून घेतो म्हणतो मी. मिस्त्री रोज विचारून राहिला."

"ठेवते, मावशी," कामिनी चटकन म्हणाली. "फोटो काढून नेला त्यानं."

धम्मानंदांनी तिच्याकडे पाहिले नाही. चहाचा एक घोट घेतला.

"उंबरठा मात्र करून घ्या, बाई."

पार्वतीबाई हसल्या. "आता काहून गा? नाला तं उघडाच राहते न!"

धम्मानंदांनी कप ओट्यावर ठेवला. गुडघ्यावर हात दाबून दारात वाकले आणि चौकटीला तळापासून बोटे टेकवत, एकेक वीत वर मोजू लागले.