तवशाचं बी

राजश्री पायवाटेने येताना दिसली, तशी बनुबाईने नाचणीचं सूप उचलून पडवीच्या भिंतीवर खुंटीला अडकवलं. सुपामागे शेणाची एक वाळलेली थाप झाकली गेली. थापेत तवशाचं, म्हणजे पावसाळी मोठ्या काकडीचं बी होतं, आणि वर तिच्या नवऱ्याच्या, मालोजीच्या अंगठ्याची खूण.

गेल्या कार्तिकात पिकल्या तवशाचं बी शेणात कालवून त्यानेच ते भिंतीला थापलं होतं, दरसालसारखं. तरुणपणी कोयतीने अंगठ्याचं अर्धं पेर उडवलेलं, त्यामुळे खूणही अर्धीच उमटायची. पुढच्या पंधरवड्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. तेव्हापासून चूल पेटवण्याआधी बनुबाई त्या खळग्यात बोट टेकवून यायची.

राजश्री शेजारची सून. गेल्या साली रानडुकरांनी तिचा मांडव उताणा केला होता, बियापुरतंही तवसं राहिलं नव्हतं.

"काकी, काकांचं बी हाय ना? चार दाणे द्या."

"उंदरांनी खाल्लं गो."

बी मागायला आलेलं माणूस या दारातून रिकाम्या हाताने कधी गेलं नव्हतं. मालोजी एरवी इतका चिकट, की विडी पेटवायला काडी देतानाही जिवावर यायचं. पण बियाच्या बाबतीत कर्णाचा अवतार. राजश्रीने मान डोलावली, पोलादपूरच्या बाजारातून पुडी आणते म्हणाली आणि गेली.

बनुबाईने सूप काढलं. त्या अर्ध्या अंगठ्याकडे बघायची तिला लाज वाटली. दोन दिवस चूल पेटवण्याआधी ती तिथे बोट टेकवायला गेली नाही. पेरायचं नाही तर बी ठेवलंस कशाला, असं तो म्हणाला असता, तेही शिवी हासडून.

तिसऱ्या दिवशी तिने विळ्याचं टोक थापेखाली घातलं. थाप नेमकी अंगठ्यातूनच दुभंगली. दोन्ही तुकडे तिने पाण्यात टाकले. शेण विरघळलं, बी तेवढं तळाशी राहिलं. त्यातलं अर्धं पदरात बांधून ती राजश्रीकडे गेली.

राजश्रीने बियाकडे पाहिलं, मग काकीच्या शेणाने भरलेल्या नखांकडे.

"तुमच्या घरचे उंदीर भले हायत, काकी," ती हळूच म्हणाली. मग तिने काकीला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

भाद्रपदात दोन्ही मांडव तवशांनी लोंबले. राजश्रीच्या सासऱ्याने मीठ लावून फोड खाल्ली आणि चव तीच हाय म्हणाला. बनुबाईला बरं वाटलं. सगळ्यात थोराड तवसं तिने बियासाठी वेलावरच पिकू दिलं.

कार्तिकात तिने बी शेणात कालवलं. भिंतीवर जुन्या थापेचा फिकट गोल तसाच होता. तिथेच तिने नवी थाप लावली आणि अंगठा दाबला. खूण अख्खी उमटली, पेरासकट.

मग तिला रडू आवरेना. डोळे पुसून तिने अंगठा तिरका केला, टोक वर धरून पुन्हा दाबून पाहिला. तरी मालोजीसारखी खूण उमटेना.