ताट न वाजवणारे

“शेवटच्याच्या ताटात बघ आधी. तिथे काही पडलंय का? मग पहिल्याला विचार, अजून हवंय का म्हणून.”

भर ऑफिसात, कुणी कानाशी बोलावं तसं आईचं हे वाक्य ताईंना ऐकू आलं. आई कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. सुट्टीच्या दिवशी दोघी मुली वाढायला जात. थोरलीच्या हातात डाव, धाकटीच्या हातात पाण्याचा जग. दारापाशी बसलेले कामगार ताटं वाजवत, आणि थोरलीचे पाय आपोआप त्या आवाजाकडे वळत. मग आतून आई बोलायची. आवाज चढवून नाही. पण डाव जागच्या जागी थांबायचा.

आता समोर कॉम्प्युटरचा पडदा होता आणि पडद्यावर रांग होती.

लांबलांबच्या दवाखान्यांतून गाठींचे, जखमांचे तुकडे काचपट्टीवर घेऊन त्यांचे फोटो इथे येत. ते तपासणाऱ्या डॉक्टरांकडे एकामागून एक पाठवायचं काम इथलं सॉफ्टवेअर करी, आणि त्या रांगेची देखभाल ताई करत. नियम साधा होता. लाल खूण असलेली काच आधी, बाकीच्या राखाडी काचा नंतर. नियम केला तेव्हा वाटलं होतं, लाल खूण क्वचित येईल. पण लाल लावायला काहीच पैसे पडत नाहीत, हे मोठ्या रुग्णालयाच्या लवकरच ध्यानात आलं. तेव्हापासून त्यांचं सगळंच लाल येऊ लागलं. तिथून दिवसभर फोन करणाऱ्या माणसाला ऑफिसात सगळे ‘घाईमहाराज’ म्हणत. प्रत्येक नवी लाल काच वर जाऊन बसे आणि राखाडी काचा आणखी एक पायरी खाली उतरत. काही तर तळाशीच राहिल्या होत्या.

त्यांतली एक धाकटीची होती. मानेतल्या गाठीची.

“ताई, तुझं देवाचं झालं असेल तर बोलू?” धाकटीने सकाळी फोनवर विचारलं होतं. दिवा लावून, ‘आज माझ्या हातून कुणाचा वाटा मारला जाऊ नये’ एवढं मागून झाल्याशिवाय ताई कुणाशी बोलत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

“झालं. बोल.”

“दुसरा आठवडा लागला. जो तो विचारतो, बहीण तिथेच आहे ना तुझी? काय सांगू? पाणपोईवालीची बहीण मी, आणि घसा कोरडा!”

“तुझ्या डॉक्टरांनी लाल खूण का नाही लावली?”

“विचारलं ना. म्हणाले, ज्याचा जीव टांगणीला लागलाय त्याच्यासाठी आहे ती. मग माझा काय गादीवर लोळतोय?”

ताईंना हसू आलं. धाकटी मात्र हसली नाही.

“मला भीती वाटते गं. जे असेल ते असो, पण एकदाचं कळू दे. वर सरकव ना जरा. एक बोट तर लावायचं.”

“येईल तुझा रिपोर्ट. आणि तू तो उघडशील तेव्हा मी शेजारी बसलेली असेन. शब्द देते.”

बोटाचा विषय तिथेच सोडून ताईंनी फोन ठेवला.

आता पडद्यावरची रांग पाहून ताई उठल्या आणि साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. साहेब वयाने त्यांच्याहून लहान, स्वभावाने बरे, पण फोन वाजला की दचकणारे.

“साहेब, मी मांडलेला नियम आज दिवसभर चालवून बघूया.”

“तो फेरीवाला?”

“हो. प्रत्येक दवाखान्याची एक काच, मग दुसरी फेरी. फेरीत जी जास्त थांबली ती आधी. माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर असेल तर त्याची काच सगळ्यांच्या वर, त्यात बदल नाही. पण नुसतं लाल फासून कुणाला पुढे जाता येणार नाही.”

“घाईमहाराज माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटेल, ताई.”

“फोन माझ्याकडे द्या.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. पडद्यावर खालपर्यंत नजर फिरवता फिरवता ते थांबले. “ही तुमच्या बहिणीची ना? अहो, मग एवढा खटाटोप कशाला? घ्या वर. मी खिडकीबाहेर बघतो.”

आणि त्यांनी खरंच खुर्ची खिडकीकडे फिरवली. त्यात कपट नव्हतं, मायाच होती. म्हणूनच ताईंना तिथे उभं राहणं जड गेलं. धाकटीचा सकाळचा आवाज अजून कानात होता. बोटभर अंतरावर तिची काच होती.

“हिच्याही आधीपासून थांबलेल्या कितीतरी आहेत, साहेब,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या बहिणी इथे नोकरीला नाहीत.”

खुर्ची परत वळली. “बरं. पण लोक काय म्हणतील? बहिणीसाठी नियम बदलला म्हणतील.”

हे मात्र लागलं. क्षणभर ताईंच्या मनात आलं, धाकटीची काच सगळ्यांच्या मागे ठेवावी, म्हणजे कुणाला बोलायला जागाच नको. आई नाही का, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं घेऊन बसायची? पण ते ताट आईचं स्वतःचं होतं. आपलं ताट आपण मागे सारावं. दुसऱ्याचं उचलून मागे ठेवणं, तेही आपल्या नावाला डाग नको म्हणून, याला त्याग कसं म्हणायचं?

“तिची काच मी पुढे घेणार नाही आणि मागेही टाकणार नाही,” त्या म्हणाल्या. “तिच्या थांबण्याने ती जिथे बसेल तिथे. आणि हे मी सगळ्यांना सांगून टाकते.”

ताई ऑफिसात कधी मोठ्याने बोलत नसत. त्या खोलीच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या तेव्हाच माना वर झाल्या. “आजपासून रांगेचा नियम बदलतोय. माझी बहीण त्या रांगेत आहे. माझ्यावर लक्ष ठेवा.”

“तुमच्यावर?” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. “त्यापेक्षा देवळातल्या घंटेवर ठेवू.” खोली हसली. ताईही हसल्या. मग बसून त्यांनी नवा नियम सुरू केला.

घाईमहाराजांचा फोन यायला वेळ लागला नाही.

“ताई! आमचं लाल चक्क खोळंबलंय!”

“कशाचं आहे?”

“एका बड्या असामीची चामखीळ काढलीय.”

“इतकी वर्षं त्यांच्या अंगावर राहिली ना ती? मग दुपारपर्यंत राहील. टेबलावर कुणी आहे का ते सांगा.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग महाराज निराळ्याच आवाजात म्हणाले, “एक बाई आहेत. आत घेतलंय त्यांना.”

“द्या तिचा नंबर.” ताईंनी ती काच तिथल्या तिथे वर पाठवली. “गेली. बघा, लगेच घेतली डॉक्टरांनी.”

“आमच्याच ढिगात अडकली होती हो,” महाराज हळूच म्हणाले.

दुपार उलटल्यावर काचा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “ताई, आज या कुठून येतायत? खाणीजवळच्या दवाखान्यातली एक बघितली आणि हातातलं काम टाकून तिथे फोन केला. अहो, ही आधी का नाही दाखवलीत?”

“आता दाखवतेय, बाई,” ताई म्हणाल्या.

धाकटीची काच वर येत होती. संध्याकाळी तिच्यापुढे एकच उरली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता डोळे दुखायला लागले. आजची शेवटची पाठवा.”

ताईंनी पुढची पाठवली. धरणापलीकडच्या दवाखान्यातली, कुणा अनोळखी माणसाची. ती तपासून होईपर्यंत त्या मांडीवर हात ठेवून बसल्या. उद्या, त्या स्वतःला म्हणाल्या. धाकटीला आणखी एक रात्र.

मग परत फोन. “ताई, चहा आला माझा. तो आहे तोवर आणखी एक बघते. थांबून थांबून विटल्या असतील बिचाऱ्या.”

“हो,” ताई म्हणाल्या. कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही.

थोड्या वेळाने धाकटीच्या नंबरापुढे ‘तपासून झाले’ अशी अक्षरं उमटली. एक बोट लावलं असतं तर रिपोर्ट उघडला असता. ताईंनी पडदा बंद केला.

साहेब दारात भेटले. जुना नियम परत लावायचा का, हे त्यांनी विचारलं नाही. “निघालात?” एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले.

फोन जिन्यातच वाजला.

“ताई, दवाखान्यातून निरोप आला. रिपोर्ट आलाय. तू बघितलास ना? खरं सांग.”

“नाही.”

“तिथे बसून नाही बघितलास?”

“तुझ्या आधी कशी बघेन?”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मागोमाग दुसरी खुर्ची ओढल्याचा.

“ये,” धाकटी म्हणाली. “मी उघडत नाही तोवर.”

ताईंनी पदर खोचला, कठडा धरला आणि जिना उतरू लागल्या.