निर्जंतुक रांग

फाल्गुनाचे पांडुर, परागंदा ऊन प्रयोगशाळेच्या काचेशी थबकले होते. आणि काचेच्या आत दोघांमधले मौन, उकळून उकळून आटलेल्या पाण्यासारखे, तळाशी क्षार धरून बसले होते.

बाहेर भेगाळलेली, कृष्णवर्णी, मूक जमीन. आत तिचीच चिमूट चिमूट माती, तळहाताएवढ्या काचघरांत वसवलेली. घराघरात ज्वारीचे एक कोवळे रोप, केसासारखे एक मूळ, आणि त्या मुळाभोवती दृष्टीपलीकडच्या जीवांचे अपार, अबोल गोकुळ.

शेवटची रांग तेवढी निराळी. तिची माती शाल्मलीने वाफेत शिजवून निर्जीव केली होती. गोकुळावाचून रोप कसे खंगते, याच्यावर तिचा प्रबंध उभा होता. तीन वर्षांची झोप, तीन वर्षांचे तारुण्य त्या रांगेत पेरलेले होते.

आजारी आईजवळून ती आज परतली, तो ती रांग हिरवीगार. सूक्ष्मदर्शकाखाली मुळांवर शुभ्र तंतूंचे रेशीम, आणि रेशमातून वळवळणारे, अनाहूत प्राण.

"कुठलं पाणी घातलंस?" तिने अखेर विचारले.

"विहिरीचं." सोबत संशोधन करणाऱ्या एकनाथवर तिने काचघरे सोपवली होती. "तुझं निर्जंतुक पाणी संपलं. माना टाकल्या होत्या गं त्यांनी. बघवेना."

"माना टाकायलाच हव्या होत्या, एकनाथ. तेच तर दाखवायचं होतं मला."

तो कसनुसा हसला. "माझ्या हातून आईची तुळससुद्धा कधी जगली नाही. जगलं ते नेमकं तुझं."

ती हसली नाही. रागावलीही नाही. थकव्यालाही मातीसारखे थर असतात. वरचा भुसभुशीत, अश्रू शोषून घेणारा. खालचा पाषाणी, निःशब्द. ती त्या खालच्या थरावर उभी होती.

एक काचघर तिने उचलले, उन्हासमोर धरले. पात्याच्या टोकाशी एक थेंब थरथरत होता. थेंबात खिडकी, खिडकीत ती सारी काळी, तहानलेली जमीन.

"नव्याने लावू आपण. मी आहे ना," तो हलकेच म्हणाला. मग रांगेकडे पाहत, आणखी हलके: "आणि ही? वाफेच्या भट्टीत टाकायची?"

काचघर तिने होते तिथेच ठेवले. ओढणी सावरली. ओसरत्या उन्हाच्या पट्ट्यांवरून पावले मंद मंद दूर गेली, आणि दार मिटले.

काचेआड एक मूळ, कुणाच्याही होकाराची वाट न पाहता, केसभर खाली उतरले. ओलाव्याकडे, अंधाराकडे, सावकाश.